दाढेखालचा पाव

आईला दातांच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्या तोंडात दोन्हीकडे कापसाच्या घड्या होत्या, आणि बाबा रिकाम्या ताटलीसमोर बसून होते.

सकाळी नऊपासून बसले होते. शेजारच्या शिंपीणकाकूंना मी त्यांच्यापाशी ठेवून गेले होते. मला बघताच काकूंनी कपाळाला हात लावला.

"तुझे वडील म्हणजे धन्य बाई! पाव दिला, लोणी लावून दिला, दुधात बुडवून दिला. नुसते बघत बसतात. म्हणे, मास्तरीणबाई येऊ देत. मी म्हटलं, अहो मालक, मी काय विष कालवलंय त्यात? तर म्हणतात कसे, 'तुमचं काय जातंय, तुम्ही गिऱ्हाईक.'"

आई हसायला गेली आणि कळवळली. जबड्याची भूल उतरू लागली होती, पण हसू जबड्याला विचारून थोडंच येतं.

मालक म्हणजे माझे बाबा. चाळीस वर्षं त्यांनी बेकरी चालवली, म्हणून गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना मालकच म्हणायचं. आणि मास्तरीणबाई म्हणजे माझी आई, जिनं चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिला मास्तरीण केलं ते बाबांनीच. भट्टीतून पहिली खेप निघाली की ते त्यातला एक पाव उचलायचे, बोटाच्या पेरानं त्याचं बूड वाजवायचे, कानाशी धरायचे, मग मोडून कडेचा तुकडा आईच्या तळहातावर ठेवायचे. आई तो दाढेखाली धरायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे. वाळल्या पानांवरून कुणी हळू चालत यावं तसा तो आवाज. मीही लहानपणी पिठाच्या पोत्यावर बसून तो ऐकलाय.

"मास्तरीणबाई, पास की नापास?"

आईनं मान डोलावली की पावांनी भरलेल्या फळ्या दुकानात जायच्या. नाही डोलावली तर बाबा एका शब्दानं विचारायचे नाहीत की का. फळी उलटी करायचे, पुन्हा पीठ मळायला घ्यायचे. "पुढच्या दातांनी कुणीही पाव तोडतं," ते म्हणायचे, "पाव कळतो तो दाढेखाली." आणि तिची मान हलल्याशिवाय त्यांनी स्वतः कधी घास घेतला नाही. दुकानात नाही, घरात नाही, आजारपणात नाही.

सहा वर्षांपूर्वी बेकरी बंद केली. त्यानंतर बाबांचं डोकं ओल्या हवेत उघड्या पडलेल्या पावासारखं मऊ पडत गेलं. आधी रस्ते गेले, मग दिवस, मग शर्टाची बटणं, मग माझं नाव. मी पोटात असताना त्यांनी मला 'चुरा' म्हणायला सुरुवात केली होती, तेही गेलं. राहिली ती एवढी एकच गोष्ट. समोर ताटली आली की ते आईच्या जबड्याकडे बघायचे, कान टवकारायचे, आणि थांबायचे. आवाज आला, मान हलली, की जेवायचे. पाव असो, भात असो, उकडलेला बटाटा असो, आधी आईनं पावाची एक कड चावायची आणि मग बाबांनी तोंड उघडायचं. असं पाच वर्षं चाललं.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या खालच्या शेवटच्या दोन दाढा पडल्या. कवळी केली. ती कवळी टक् टक् वाजायची. बाबांनी पहिल्या दिवशी ऐकलं, चेहरा काळवंडला, म्हणाले, "पिठात खडे आहेत. खेप उलटी करा." कधी अर्धा घास घ्यायचे, कधी तोही नाही. दूध तेवढं प्यायचे. दूध काही भट्टीतून येत नाही, त्याला मास्तरीण लागत नाही. पावसाळा सरेपर्यंत त्यांचं वजन साठावरून बावन्नावर आलं. त्यांना तपासायला घरी येणारी नर्स म्हणाली, पंचेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

आईनं नळी पाहिली होती, तिच्या मोठ्या भावाच्या नाकात. त्याचे हात पलंगाच्या दांड्यांना बांधलेले तेही पाहिले होते. "मालकांच्या हातांना दोरी लागायची नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांनी लोकांना जेवू घातलंय." आणि तिनं ठरवलं: पक्के दात बसवायचे. हाडात स्क्रू घालून बसवतात तसले, जे हलत नाहीत, वाजत नाहीत.

शिंपीणकाकू म्हणाल्या, "आता या वयात कुणाला दाखवायचेत दात?"

"दाखवायचे नाहीत गं," आई म्हणाली, "ऐकवायचेत."

आता माझी चूक सांगते. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. आज जबड्यात चार स्क्रू, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. वर नुसत्या टोप्या. हाडानं त्या स्क्रूंना धरायला तीन-चार महिने. मग त्यावर दात. तोवर मागच्या बाजूनं काही म्हणजे काही चावायचं नाही, आणि जखम भरेपर्यंत कवळीही नाही. हे मी ऐकलं आणि आईला सांगितलं, "थोडे दिवस लागतील." चार महिने म्हटलं असतं तर ती घराची पायरी उतरली नसती. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. नंबर चुकला तर काच बदलून मिळते, एवढंच मला ठाऊक. वाटलं, मध्यंतरी बाबांचं काहीतरी करू.

संध्याकाळी तिनं कापूस काढला, जीभ हळूच मागं फिरवली, आणि थांबली.

"यात दात कुठं आहेत गं?"

"आई, ते नंतर बसवतात."

"नंतर म्हणजे कधी?"

मी बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळत राहिले.

"तुला विचारतेय."

"चार महिने."

ती चिडली नाही. करपलेल्या खेपेकडे बघायची तशी तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि मालक चार महिने काय खातील? हवा?"

पण बरं व्हायचं तिनं मनावर घेतलं. एवढी गुणी रोगी मी पाहिली नाही. वीस मिनिटं बर्फ, वीस मिनिटं विसावा. डोक्याखाली दोन उशा. थुंकायचं नाही, नळीनं ओढून काही प्यायचं नाही, नाहीतर जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. म्हणून मिठाचं कोमट पाणी तोंडात धरून ती मान वाकवायची आणि पाणी आपोआप ओघळू द्यायची. पहिल्या दिवशी गार दही. दुसऱ्या दिवशी कोमट सूप, गाळणीतून दोनदा गाळलेलं. मग कुस्करलेलं केळं, भाताची मऊ पेज, कच्चट शिजवलेलं अंडं. गोळ्या वेळच्या वेळी. गाल टरारून वर आला, डोळ्याखाली निळं पडलं, पण चमचा तिनं एकदाही नाकारला नाही. "खाल्लं तर भरेल," म्हणायची, "भरलं तर बसेल."

तिच्या समोर बाबा बसलेले असायचे. ती चमचा तोंडात घालायची, गिळायची, आणि मान डोलवायची. जोरजोरात डोलवायची.

बाबा तिच्या जबड्याकडे बघायचे. "चावल्याशिवाय पास?" ते म्हणायचे. मग ताटली एका बोटानं दूर सरकवायचे. रागानं नाही. उद्या या, आज माल नाही, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

मी त्यांच्यासमोर बसून अख्खा कडक पाव खाल्ला, कडाकडा आवाज करत. त्यांनी कौतुकानं पाहिलं. "गिऱ्हाईक भुकेलेलं दिसतंय. आणखी एक द्या त्याला." शिंपीणकाकूंनी खाऊन दाखवलं. त्यांना म्हणाले, "बाई, उधार नाही." काकू जाताना म्हणाल्या, "तुझा बाप वेडा झालाय, पण धंद्याला पक्का राहिलाय."

चौथ्या दिवशी वजन एकोणपन्नास. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आईनं तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"आजी, दुखतंय का?"

"दुखतंय ते असू दे. पावाची कड कधी चावू?"

"कड? आजी, आत्ता मऊ खायचं. पंधरा दिवसांनी जरा घट्ट, पण पुढच्या दातांनी. मागं जोर द्यायचा नाही."

"मागंच द्यायचाय मला."

"मग तीन महिने तरी नाही. स्क्रू एकदा हलला की हाड त्याला परत धरत नाही. समजलं ना?"

"समजलं," आई म्हणाली. फोन ठेवला, आणि सुजलेल्या ओठांतून ती काहीतरी गुणगुणू लागली. पीठ मळतानाचं जुनं होतं ते, तिचं स्वतःचं, ती शब्द जुळवायची आणि विसरायची:

*पीठ मळीते मळीते, पीठ चढे कोपरा,*
*भूक कुणाची कुणाची, तिला नाव ना चेहरा.*

बाबांनी मान वळवली. टेबलावर त्यांची बोटं आपोआप मळू लागली. खायचं मात्र नाव नाही.

युक्ती मला सुचली, म्हणजे दोषही माझाच. पाचव्या दिवशी मी आईच्या खुर्चीमागं उकिडवी बसले, हातात भाजून कडक केलेली पावाची कड घेऊन. आईनं पावाचा मऊ पांढरा गर तोंडात घातला आणि जबडा नुसता हलवला. त्या तालावर मी मागं कड मोडत गेले. कुर्र. कुर्र. कुर्र.

बाबांनी डोळे मिटले.

"पास?"

आईनं मान डोलावली. बाबांनी घास घेतला. दुसरा घेतला. सगळी ताटली पुसून खाल्ली आणि म्हणाले, "आजची खेप जमली." मी खुर्चीमागं तोंडावर हात दाबून बसले होते, हसतेय की रडतेय ते मला कळेना. आईनं हात मागं करून माझं डोकं चाचपलं.

पाच दिवस आम्ही असं केलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माझे गुडघे सोलवटले, पण बाबांच्या गालांवर जरा रया आली. आईची सूज उतरली. दहाव्या दिवशी टाके काढले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारखी जखम माझ्या तिशीतल्या पेशंटचीही भरत नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही पकडले गेलो. बेकरीवाला जमिनीवरचा चुरा बघितल्यावर राहत नाही. माझ्या हातून सांडलेला चुरा खुर्चीच्या पायाशी पडला होता. बाबा उठले, तो वेचायला वाकले, आणि त्यांना मी दिसले. हातात अर्धी मोडलेली कड.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग आईकडे.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही पेपर फोडलात?"

आईनं तोंडातला गर गिळला. चाळीस वर्षांत तिनं त्यांना खोटी मान हलवून दाखवली नव्हती. बाबांनी आपली भरलेली ताटली उचलली आणि टेबलावर उलटी ठेवली. आतलं सगळं खाली दाबलं गेलं, कडेनं थोडं बाहेर आलं. ते खिडकीशी जाऊन बसले.

त्यानंतर तीन दिवस त्यांनी दुधालाही तोंड लावलं नाही. ओठ पाण्यानं ओले करू द्यायचे, तेवढंच. नर्स वजनकाटा घेऊन आली. सेहेचाळीसला काटा थरथरत थांबला.

"पंचेचाळीसच्या खाली जायला वेळ नाही लागणार. सोमवारी नळी घालूया," ती म्हणाली. "हातांना मऊ पट्टे असतात हो. टोचत नाहीत." ती चांगली बाई होती. मनापासून सांगत होती.

ती गेल्यावर मी आईला म्हटलं, "घालू दे. थोडेच महिने. तुझे दात बसले की नळी काढू."

"काढून देतील?"

"का नाही देणार?"

"माझ्या भावाची काढली नाही."

"आई, तू आता चावलंस तर दात कधीच बसायचे नाहीत. मग पुढं काय? पुढं कुठून आणशील आवाज?"

"पुढं," ती म्हणाली, आणि बोटं मोजल्यासारखी हलवून थांबली. "तुझ्याकडे पुढं आहे गं. त्यांच्याकडे सोमवार आहे."

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडे चार स्क्रू आहेत."

रविवारी सकाळी तिनं मला कोपऱ्यावरून कडक पाव आणायला लावला. मी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. मोठा, तांबूस, बूड वाजवलं तर बोलणारा. तो बाबांसमोर ठेवून ती खुर्चीवर बसली, माझ्याकडे वळून म्हणाली, "तू पुढं बस. त्यांना दिसशील अशी. हात टेबलावर ठेव."

तिनं पाव मोडला. कडेचा तुकडा उजव्या बाजूला, स्क्रूंच्या टोप्यांवर सारला. आणि जबडा मिटला.

तो आवाज मी उन्हाळ्यापासून ऐकला नव्हता. पहिल्या दाबाला तिचे दोन्ही पाय जमिनीवर ताठ झाले. टेबलाखाली तिनं माझा पाय आपल्या पायानं दाबून धरला, इतका की नंतर तिथं काळंनिळं पडलं. पण चेहरा वर होता, सरळ, भट्टीसमोर असायचा तसा. ती चावत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. ओठांच्या कोपऱ्यात तांबडं दिसलं तशी तिनं ते आत ओढून गिळलं. बाबांना दिसता कामा नये. रक्त लागलेली खेप त्यांनी कधी विकली नसती.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

"पास की नापास?"

आईनं मान डोलावली.

त्यांनी एक तुकडा घेतला. चावला. अगदी सावकाश, जणू चावणं पहिल्यापासून शिकायचं होतं. मग दुसरा. सोमवारी नर्स आली तेव्हा ते लोणी लावलेला पाव खात होते. तिला म्हणाले, "रांगेत या."

आईनं हिशेब बांधला होता. उजवी बाजू आधी वापरायची, डावी राखायची. दिवसातून तीनदा नको, एकदा सकाळीच. त्या एका मान डोलावण्यावर बाबा दिवसभर खातील का, हे तिनं करून पाहिलं, आणि दुपारपर्यंत चाललं. मग दोनदा. तुकडा लहान. पण इतका लहान नाही की आवाज होणार नाही. बाकीचा वेळ ती बरी होत राहायची. एका हातानं जखम उघडायची आणि दुसऱ्या हातानं भरायला बसायची. मिठाचं पाणी, गोळ्या, दूध, अंडी, गाळलेलं सूप. मी तिला दिवसभर खायला घालत होते आणि ती ते सगळं त्या दोन घासांवर उधळत होती.

तिसऱ्या आठवड्यात उजवीकडचा पहिला स्क्रू जिभेला हलता लागू लागला. त्यानंतर पाचव्या दिवशी दुसराही. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं नुसते धरले आणि दोन्ही हातात आले. त्या पोरीचा चेहरा पडला. तिनं ते स्क्रू कापसावर ठेवले.

"आजी, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तू दातांचं सांगितलंस बाळा," आई म्हणाली. "जेवायचं नाही सांगितलंस."

"डावीकडचे अजून घट्ट आहेत. निदान ते तरी सांभाळा. माझ्यासाठी."

"सांभाळते की. तेच तर करतेय."

घरी येऊन तिनं दुसऱ्या दिवसापासून डावी बाजू लावली.

बाबांचं वजन अठ्ठेचाळीस झालं होतं. ते हसायचे सुद्धा. एकदा आईच्या सुजलेल्या गालाला त्यांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली, बूड वाजवायचे तशी, आणि कान जवळ नेला. "आतून कच्चं आहे," म्हणाले. आई त्या दिवशी खूप हसली. रात्री तिला ताप भरला.

ताप आठवडाभर राहिला. जबड्याखाली गाठ आली, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. तरी सकाळ झाली की ती खुर्चीवर येऊन बसायची. मी तिच्या हातातून पाव काढून घेतला तर ती नुसती हात पुढं करून बसून राहायची, मागणाऱ्यासारखी नाही, देणाऱ्यासारखी. मी परत द्यायचे. कधी कधी वाटायचं तिला खोलीत कोंडावं. कधी वाटायचं बाबांना. मग समोर बाबा 'पास?' म्हणून विचारायचे, आणि ती मान डोलवायची, आणि त्या दोघांत मला सुईएवढीही जागा नसायची.

सातव्या आठवड्यात डावीकडचे दोन्ही स्क्रू काढावे लागले. हाडही थोडं खरवडलं. "आता निदान सहा महिने काही नाही," डॉक्टरीणबाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या. "आणि नंतरही हाड पुरेल की नाही, सांगता येत नाही. त्यांना खायला मात्र घाला. जखम मोठी आहे."

पुन्हा कापसाच्या घड्या. पुन्हा दोन उशा, पुन्हा गार दही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठून टेबलाशी आली. मी म्हटलं, "आई, नको." तिनं ऐकलं नाही. पावाचा तुकडा दुधात बुडवला, हिरड्यांखाली धरला, दाबला. काहीच वाजलं नाही. ओल्या कापडावर कापड पडावं तसं. तिनं तरीही मान डोलावली. एकदा. खोटी नव्हती ती मान. जेवढा पाव तिला कळला तेवढ्यापुरती खरी होती. आणि ती बाबांच्या प्रश्नाची वाट बघत बसली.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचे डोळे टेबलाच्या कडेवर होते, तिथल्या एका ओरखड्यावर. मी आईसाठी कुस्करलेलं केळं वाटीत घेऊन त्यांच्या बाजूनं चालले होते, चमचा हातात होता. तो चमचा त्यांच्या नजरेसमोरून गेला आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी जागच्या जागी थांबले.

तोंड उघडंच होतं. घरट्यातल्या पिल्लाचं असतं तसं, कुणाहीसाठी. मी चमचा आत घातला. त्यांनी गिळलं आणि पुन्हा उघडलं. अख्खी वाटी संपेपर्यंत त्यांनी एकदाही कान टवकारला नाही. थांबले नाहीत. विचारलं नाही.

"मालक," आई म्हणाली. कापसामुळं शब्द ओला आणि जाड निघाला. "पास की नापास?"

बाबांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं. चेहऱ्यावर नाराजी नव्हती, ओळखही नव्हती. रस्त्यात कुणी वेळ विचारावी आणि आपल्याकडे घड्याळ नसावं, तसे ते जरासे ओशाळले. मग माझ्या हातातल्या चमच्याकडे वळून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

तो नियम नेमका कोणत्या दिवशी गेला, मला सांगता येणार नाही. कदाचित त्याच सकाळी. कदाचित आठवडाभर आधी, आणि आई तापात चावत होती तेव्हा ते नुसते सवयीनं विचारत होते. मी कधी हे आईजवळ बोलले नाही. तिनंही विचारलं नाही.

आता त्यांना कुणीही भरवतं. मी कामावर गेले की शिंपीणकाकू भरवतात, एका हातानं चमचा आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी दोरा तुटलेलं झबलं धरून. नर्स भरवते. पेज, सूप, बटाटा, काहीही. वजन एक्कावन्न झालं. नर्स म्हणाली, "बघा, नळी टळली की नाही? या वयात फार कमी जणांचं टळतं."

"टळली," आई म्हणाली.

ती त्यांच्याबरोबर जेवायला बसत नाही. जखम भरायला अन्न लागतं म्हणून वाटी घेते, आणि ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून संपवते. गोळ्या घेते. मिठाचं पाणी तोंडात धरते, मान वाकवते, ओघळू देते. मग आतल्या खोलीत जाऊन पडते.

बाहेर बाबांचं जेवण आटोपलं की मी चमचा वाटीत टाकते. तो वाजला की आतून विचारणं येतं, "किती खाल्लं?"

"सगळं खाल्लं, आई."

"बरं झालं."

आणि ती कूस बदलते. ज्या कुशीवर झोपू नका म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, त्याच कुशीवर.